नोल्फाच्या फाटकावरचा टेबलक्लॉथ

त्या गुरुवारी सकाळी नोल्फाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एरवी तिचा कुत्रा मिनिस्त्रो तिला ओढत नेतो, असं ती सांगायची. आज तीच पुढे आणि तो मागे, जीभ लोंबत, बिचारा. नदीकाठच्या पायवाटेवर दव होतं, काटेरी जाळ्यांत ब्लॅकबेरी पिकून काळ्याभोर झाल्या होत्या आणि कुरणातल्या टिटव्या उगाचच बोंबलत होत्या. नोल्फाने बोटं रंगेपर्यंत बेरी खाल्ल्या, वाटेतल्या एका गायीची चौकशी केली, आणि वळसा नको म्हणून कुंपणाच्या तारेखालून सरळ सरपटत गेली. साठी उलटलेल्या बाईला हे शोभतं का, असं कुणी विचारलं असतं, तर त्यालाही तिने मूठभर बेरी दिल्या असत्या.

मिनिस्त्रो म्हणजे मंत्री. दिवसभर झोपा काढायच्या आणि ताट वाजलं की सगळ्यांच्या पुढे, म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. खरं सांगायचं तर त्याला फिरण्याची काडीची हौस नव्हती. हौस होती ती नोल्फाला, आणि तीही गेल्या हिवाळ्यापासून. नदीवर पूल झाला, तराफ्याचं काम संपलं, आणि तराफा चालवणारा रोसामेल रोज संध्याकाळी तपकिरी कुत्रीला घेऊन याच वाटेवर दिसू लागला, तेव्हापासून.

"काय करणार, डोन्या नोल्फा," तो पॉपलरच्या झाडांखाली टोपी काढून, आदराने 'डोन्या' लावून म्हणायचा, "ही पेर्ला घरात बसू देईल तर शपथ."

"आमच्याही साहेबांचं तेच," नोल्फा म्हणायची. साहेब तिच्या पायाशी घोरत असायचे.

दोघंही एकटी, दोघंही धडधाकट, आणि दोघंही सगळा दोष कुत्र्यांवर ढकलून तासन् तास चालायची. पाऊस असो, चिखल असो. बोलणं काय, तर नदीचं पाणी, बटाट्याचं पीक, कुणाची गाय व्यायली. आणि मग काल रोसामेल टोपीशी चाळा करत म्हणाला, "शनिवारच्या बसने निघतोय. कालामा शहरात, मुलाकडे. तिकडे सगळं वाळवंट आहे म्हणे. पण घर मोठं आहे."

नोल्फाला म्हणायचं होतं, जाऊ नका. तोंडातून निघालं, "उद्या चहाला या. पाव करते."

"तुमच्या हातचा पाव?" रोसामेल म्हणाला आणि इतका लाजला की पेर्लाने वर मान करून पाहिलं.

म्हणजे जे काही बोलायचं ते आजच. नोल्फाचा बेत अगदी साधा होता. गरम पाव मधोमध फोडायचा, लोणी वितळू द्यायचं, त्याचं तोंड भरलेलं असताना 'जाऊ नका' म्हणून टाकायचं. तोंड भरलेला माणूस लगेच नाही म्हणू शकत नाही.

घरी येताच तिने बाह्या वर केल्या. परातीत पीठ, मधे खळगा, त्यात फसफसलेलं यीस्ट, कोमट मिठाचं पाणी, वितळलेली चरबी. मग मळायला लागली. मळता मळता गाऊ लागली, आणि तिचा आवाज असा की मिनिस्त्रो उठून अंगणात गेला. पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ झालं तेव्हा कुठे ती थांबली. गोळे थापले, वरून काट्याने टोचले. अंगणातल्या मातीच्या भट्टीत चिमूटभर पीठ फेकून पाहिलं. ते करपलं नाही, नुसतं सोनेरी झालं. भट्टी तयार होती आणि नोल्फाही.

आता राहिला टेबलक्लॉथ. आईचा, पांढरा, कडांना भरतकाम केलेला. तो तिने सकाळीच धुऊन वाळत घातला होता. पण टिटवीला पकडण्याची ऊर्मी मिनिस्त्रोला नेमकी आजच आली, आणि दोरी, चिमटे, टेबलक्लॉथ सगळं घेऊन साहेब कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले. नोल्फाने तो पुन्हा धुतला. दोरी तर तुटलेली. ऊन होतं फक्त फाटकापाशी, जिथे सप्टेंबरात राष्ट्रीय सणाला देशाचा झेंडा लावायची काठी उभी असते. तिने टेबलक्लॉथ काठीला घट्ट बांधला आणि गात गात भट्टीकडे परतली.

हे ऐकून आमच्या भागातलं शेंबडं पोरही कपाळावर हात मारून घेईल. आमच्याकडे फाटकावर पांढरं फडकं लागलं, की आत गरम पाव विकायला आहे. त्याला पाटी लागत नाही की हाक लागत नाही. नोल्फाचा जन्म याच गावात गेला होता. स्वतःचं नाव विसरली असती पण हे विसरली नसती. पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

पहिला घाणा भट्टीतून निघतो न निघतो तोच ओंडक्यांचा एक ट्रक फाटकाशी थांबला.

"काय वास सुटलाय, सेन्योरा! द्या की थोडे."

केवढा मोकळा माणूस, नोल्फाला वाटलं. तिने आनंदाने पाव दिले. त्याने खिडकीत नाणी ठेवली. हा वेडाच दिसतोय, असं म्हणून ती हसली. मग शाळेच्या बाई सायकलवरून आल्या. मग घोड्यावरून दोन भाऊ. मग अख्खी फुटबॉलची टीम. नोल्फा देत गेली. दारात येऊन पाव मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, आणि तेही वास अख्ख्या गावभर पसरलेला असताना? आणि खरं सांगू का, तिला मजा येत होती. लोक पहिला घास तिथेच उभ्याने घेत होते आणि डोळे मिटत होते.

"बरं झालं झेंडा लावलात," शाळेच्या बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या. "इतके दिवस कुठे लपवला होतात हा हात?"

"कसला झेंडा?" नोल्फाने फाटकाकडे पाहिलं. टेबलक्लॉथ वाऱ्यावर फडफडत होता आणि त्याच्याखाली रांग लागली होती.

ती धावली, पण ओली गाठ काही सुटेना. रांगेतल्यांना वाटलं, बाई झेंडा नीट करतेय. दोघांनी मदत करून तो आणखी उंच चढवला. शेवटचे दोन पाव तरी वाचवावेत म्हणून तिने ते ॲप्रनच्या खिशात कोंबले. मागून एक ओलं नाक आलं, आणि मंत्र्यांनी खिसा साफ केला.

नोल्फा वळली, तर रांगेच्या टोकाला रोसामेल. दाढी घोटलेली, लग्नाकार्यातला कोट, एका हातात पेर्लाची दोरी, दुसऱ्या हातात नाणी.

"मला वाटलं तुम्ही मला घरी बोलावलंय," तो हळूच म्हणाला. "मग झेंडा पाहिला. गिऱ्हाईक म्हणून बोलावलं होतंत, होय?"

"अहो, नाही! तो टेबलक्लॉथ आहे! तुमच्यासाठी धुतलेला!"

"मग पाव?"

"संपले," नोल्फा म्हणाली, आणि तिने रिकामा खिसा उलटा करून दाखवला.

तेवढ्यात पुलाकडून डोन्या ओर्फेलिना तरातरा आली. पलीकडच्या काठावर पाव विकणारी ती. नोल्फा पाव घरीच भाजायची, त्यामुळे ओर्फेलिनाच्या अंगणात पाय ठेवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"नोल्फा! माझी गिऱ्हाइकं पळवतेस? लाज नाही वाटत?" ती ओरडली, आणि मग तिची नजर रोसामेलवर गेली. "आणि तुम्ही! रोज संध्याकाळी माझी कुत्री उसनी नेता, ते मी चालवून घेतलं. आज दुपारपासूनच? राखणीला मी काय मांजर बांधू?"

रोसामेलचे कान लालेलाल झाले.

"उसनी?" नोल्फाने विचारलं.

"हिवाळाभर! 'फिरवून आणतो' म्हणे. हिला चालायचा इतका कंटाळा, की परत येताना हे उचलून आणतात!"

नोल्फाच्या आत काहीतरी उसळलं आणि थेट तोंडाशी आलं. हातात पाव नव्हता, लोणी नव्हतं, आणि अख्खं गाव कान टवकारून उभं होतं. होऊन जाऊ दे.

"रोसामेल, कालामाला जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात. कुत्री असो वा नसो."

घोड्यावरच्या भावाने शिट्टी वाजवली. रोसामेलने पेर्लाची दोरी ओर्फेलिनाच्या हातात दिली, कोट काढून कुंपणावर टाकला आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"पीठ शिल्लक आहे?"

"पोतंभर."

"मग हे लोक ताटकळत का उभेत?"

त्याला मळता येत नव्हतं. पहिल्याच फटक्यात पीठ भुवयांपर्यंत उडालं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ, पुन्हा पाणी. खिडकीतून रांग सूचना देत होती आणि सर्वांत मोठ्याने ओर्फेलिना. नोल्फा हसून हसून परातीवर वाकली होती. डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "आणि शनिवारची बस?"

"जाईल की," रोसामेल म्हणाला. "तिला कोण अडवतंय?"