तीन थेंब माफ

आमच्या क्वाउतेपेकच्या चढावर नवी गाडी टिकत नाही. चढतो तो फक्त वोचो, कासवाच्या आकाराची जुनी छोटी मोटार, पाठीत इंजिन असलेली, आमच्याइतकीच म्हातारी. माझा वोचो नवऱ्याचा, फिदेन्सिओचा. तो गेल्यावर अकरा वर्षं मीच चालवते, आणि नाक्यावरच्या टॅक्सींच्या रांगेतली त्याची जागा मी कुणाला घेऊ दिलेली नाही.

रांगेचा नियम एकच, पण कडक. पहाटे गाड्या नाक्यावर लागल्या की प्रत्येकाने आपल्या इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा. सहा वाजता रांगेचे मुकादम आबुंदिओ म्हातारे येऊन डाग मोजतात. तीन थेंब माफ. चौथा दिसला की दुरुस्ती होईपर्यंत घरी. वर्षात दुसऱ्यांदा दिसला तर जागाच गेली. उतारावर एकाचं ऑइल सांडलं की मागच्याचा ब्रेक धरत नाही, म्हणून कुणी कुरकुर करत नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुढे गाडी लावणाऱ्या चोनच्या पुठ्ठ्यावर आबुंदिओंनी तीन मोजले होते. मी म्हटलं, चार आहेत, नीट बघा. सगळ्यांसमोर. चार होतेच, चोनला घरी बसावं लागलं. पण चोनच्या पोरीची मी धर्ममाता, त्या नात्याने तो मला कोमाद्रे म्हणायचा. त्या दिवसापासून नुसतं बाई म्हणायला लागला. मी म्हटलं, म्हण बापडा. माझ्या अंगाला काय भोकं पडतात?

आणि यंदा मी काय केलं, तर भाचीचं ऐकलं. येसेनिया स्पेअर पार्टच्या दुकानात बसते. तिने नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक ऑइल आणून दिलं. फिदेन्सिओ जन्मभर जाड वीस-पन्नास नंबरचं ऑइलच घालायचा, पण तो जन्मभर एकच टोपीही घालायचा. मी जुनं ऑइल काढलं आणि नवं ओतलं. इंजिनाचा आवाज इतका मऊ झाला की आठवडाभर मी अख्ख्या रांगेचं डोकं खाल्लं. हे बघा, याला म्हणतात ऑइल.

नवव्या दिवशी पहाटे पुठ्ठा ओढून पाहिला तर नऊ डाग.

सहाला दहा मिनिटं होती. मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. पुठ्ठा पुन्हा आत सारला, पुन्हा काढला. दहावा थेंब माझ्या मनगटावर पडला. ज्या बाईने दुसऱ्याचा चौथा थेंब मोजून दाखवला, तिचे नऊ! रांग वर्षभर हसली असती. पुढची गाडी चोनची. तो कोपऱ्यावर न्याहारीचा तामाल घ्यायला गेला होता. मी खाली वाकले आणि पुठ्ठे बदलले. विचार केला असता तर हात पुढे झाला नसता, म्हणून विचारच केला नाही.

आबुंदिओ आले. माझ्या गाडीखाली दोन थेंब. चोनच्या गाडीखाली त्यांनी बोट ठेवून ठेवून नऊ मोजले.

"वर्षात दुसऱ्यांदा, चोन," ते म्हणाले. "जागा गेली रे."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. चोनच्या त्या चौथ्या थेंबाला वर्ष व्हायला अजून तीन आठवडे होते.

चोन उकिडवा बसला. त्याने एका डागावर बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेन असं मलाच वाटलं होतं. चोन उठला, हातातला तामाल आणि तो पुठ्ठा तसेच सीटवर ठेवले आणि गाडी काढून चढावर निघून गेला.

आता पहिली पाळी माझी. चार माणसं कोंबून बसली आणि मी निघाले. एक बाई मागून तिच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती, मी उगीच हो हो करत होते. गिअर चुकत होते. वर पोचून वळले तर माझ्याच येण्याच्या वाटेवर काळे ठिपके, थेट खालपर्यंत. दुसरी फेरी मी घेतलीच नाही. गाडी चोनच्या दारात नेऊन उभी केली.

तो अंगणात होता. जॅक बाहेर काढून ठेवलेला, शेजारी वीस-पन्नासचा डबा.

"दुपारपर्यंत येशील वाटलं होतं," तो म्हणाला. "साडेसातच झालेत."

मी विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं?

"माझा थेंब बटणासारखा घट्ट बसतो. हे डाग पाण्यासारखे पसरले होते. असलं पातळ ऑइल अख्ख्या डोंगरावर कुणाचं आहे? आठवडाभर तूच तर सांगत होतीस."

मग बोलला का नाहीस, म्हणून मी त्याच्यावरच चिडले. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्याने हात पुसले. "सगळ्यांसमोर थेंब मोजून घेताना कसं वाटतं, ते मला माहीत आहे. तुला नसेल."

मला इतकी लाज वाटली की बसायला जागा असूनही मी उभीच राहिले. तो मात्र इंजिनाखाली शिरून बोलत होता. तीस वर्षं जाड ऑइल पिऊन आत गाळ बसला होता, त्या गाळानेच जुन्या सीलच्या भेगा बुजवल्या होत्या. नव्या ऑइलने सगळं धुऊन काढलं. आता नुसतं जाड घालून गळती थांबायची नाही. इंजिन उतरवायचं, सील बदलायचे आणि मग पुन्हा वीस-पन्नास. दोन दिवसांचं काम.

त्याच्या सीटवरून मी तो पुठ्ठा उचलला आणि पायीच उतार उतरले. नाक्यावर सात-आठ गाड्या उभ्या होत्या, सगळे बाहेर गप्पा मारत होते. मी पुठ्ठा आबुंदिओंच्या पुढ्यात धरला.

"हा माझा आहे. मी बदलला. चोनची जागा त्याला द्या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आबुंदिओंनी पुन्हा बोट ठेवून नऊ मोजले. चोनची जागा परत, आणि मी महिनाभर घरी, असं ते म्हणाले. त्यांच्या नियमात पुठ्ठा बदलण्याला शिक्षाच नव्हती, ती त्यांना तिथल्या तिथे ठरवावी लागली.

चढ चढून परत आले तेव्हा माझ्या गाडीचं इंजिन खाली उतरलेलं होतं. चोनने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"कोमाद्रे, तो तेरा नंबरचा पाना दे."