सदतीस नंबरचं घर

मला रक्तपेढीची प्रमुख म्हणून बढती मिळाली आणि बढतीबरोबर शहरही बदललं. रुजू व्हायला महिना होता, पण घर शोधायला तीनच दिवस. त्याहून जास्त रजा जुन्या ठिकाणाहून सुटेना. मी काही डगमगले नाही. रक्त जुळवणं हे माझं रोजचं काम. नमुना बघायचा, पिशवी बघायची, दोनदा खात्री करायची आणि सही ठोकायची. घर जुळवणं त्याहून अवघड ते काय असणार?

आम्ही चौघं. नवरा कवळ्या आणि दात बनवतो, घरीच. दंतवैद्य साचे पाठवतात, हा दात घडवून परत पाठवतो. त्याला खोलीत उत्तरेकडचा उजेड लागतो. पिवळ्या उन्हात दाताची छटा फसते, आणि मग माणूस हसला की पुढचे दोन दात शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखे दिसतात. मुलगी नऊ वर्षांची. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरीच म्हणतात. तिची एकच मागणी होती, पोहायचा तलाव. माझीही एकच अट, पेढीतून तातडीचा फोन आला तर अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे.

आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी एकतीस वर्षं पायी हिंडून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं हळूहळू गेलं. कडेचं तेवढं दिसतं. "समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही," असं त्या सांगतात. तरी आमच्या गावात त्या एकट्या कुठंही जायच्या. कुठल्या पायरीचा टवका उडालाय, कुठं गटारावरची फरशी हलते, सगळं पायांना पाठ होतं. त्यांना नवीन शहराबद्दल काय वाटतं हे आम्ही विचारलं होतं. "तुम्ही जाल तिथं मी," म्हणाल्या. एवढ्यावर आम्ही तो विषय संपवला. खरं तर तो तिथंच सुरू व्हायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी एजंटनं आम्हाला शहराच्या उत्तरेला नेलं. नवीकोरी वसाहत, बारा बारा मजल्यांच्या इमारती, मधे कारंजं, आणि हो, निळ्याशार पाण्याचा तलाव. भिंगरी काठावर बसून पाय बुडवायच्या बेतात होती, तिला दंडाला धरून वर नेलं. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उत्तरेला भिंतभर खिडकी. नवऱ्यानं खिशातून दातांच्या छटांची पट्टी काढली, उजेडात धरली आणि एखाद्याला हरवलेला भाऊ भेटावा तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"इथून चालत जाण्यासारखं काय आहे?" आईंनी एजंटला विचारलं.

"आतच फिरायचा ट्रॅक आहे ना, आजी. पूर्ण गोल. अजिबात धोका नाही."

"गोल? मी काय घाण्याचा बैल आहे?" आई म्हणाल्या. "मला कुठंतरी जायचं असतं बाबा. जायचं, काहीतरी आणायचं आणि परत यायचं."

एजंट हसला. आम्हीही हसलो. मी कपाटांची दारं उघडून बघत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी जरा खाली जाऊन येते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वीस मिनिटांनी फाटकावरच्या रखवालदाराचा एजंटला फोन आला. आम्ही धावत खाली गेलो. वसाहतीबाहेर सहा पदरी रस्ता होता, गाड्या सुसाट. आणि त्या रस्त्याच्या बरोबर मधोमध, दुभाजकावर, आई उभ्या होत्या. पिशवी छातीशी धरलेली. पलीकडे दुकानाची पाटी असावी असं त्यांना कडेनं दिसलं होतं. अर्धा रस्ता त्यांनी अंदाजानं पार केला, पण पुढचा अंदाज येईना आणि मागचाही येईना. विचारायला म्हणावं तर रस्त्यावर चालणारं चिटपाखरू नव्हतं. मी हात वर करून गाड्या थांबवल्या आणि त्यांना घेऊन आले. 

"दुकान नव्हतंच ते," एवढंच त्या बोलल्या. "जाहिरात होती."

संध्याकाळी रुग्णालयाच्या अतिथीगृहात आम्ही चहा घेत बसलो होतो. नवरा हळूच म्हणाला, "आई, मी आहे ना घरी. रोज संध्याकाळी तुला बाहेर फिरवून आणत जाईन."

"फिरवून आणायला मी कुत्रं आहे का रे?"

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही तिघं या इकडे. मी गावातच राहते. मला तिथलं सगळं पायाखालचं आहे."

नवऱ्याचा चेहरा पडला. भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की माझ्या यादीत उजेड होता, तलाव होता, अर्धा तास होता; आईंची ओळ रिकामी होती.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. आई, पिशवी जुळली नाही म्हणून आम्ही पेशंटला घरी पाठवत नाही. दुसरी पिशवी शोधतो. उद्या एजंटला सुट्टी. मी बघते."

त्यांनी मान वळवून मला डोळ्याच्या कडेनं न्याहाळलं. विश्वास बसला असं काही दिसलं नाही. पण मला झोप छान लागली.

शनिवारी सकाळी मी पेढीत गेले. शहर कुणाला ठाऊक असेल, तर रोज रक्ताच्या पिशव्या घेऊन दवाखाने पालथे घालणाऱ्या गाडीवाल्याला. केस पिकलेला माणूस, शर्ट चुरगळलेला, पण गाडीतली शीतपेटी लख्ख. मी त्याला घरातले चौघंही समजावून सांगितले. त्यानं दाढी खाजवली.

"मॅडम, नकाशात किती लांब ते बघू नका. संध्याकाळी सहाला किती लांब ते बघा." मग तो म्हणाला, "पाण्याच्या टाक्यांमागं एक जुनं उपनगर आहे. दिसायला काही खास नाही. पण तिथल्या गल्लीत मी गाडी घातली की माझा वेग आपोआप कमी होतो. माणसंच इतकी असतात. तिथं एक सुतार आहे ओळखीचा, त्याचं खालचं घर रिकामं झालंय. सदतीस नंबर."

दुपारी आम्ही आमच्या गाडीनं तिकडे गेलो. आई मागं बसल्या होत्या, ओठ मिटून. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली, तर त्या उतरेनात.

"मी येऊन काय करू? मला दिसणार आहे थोडंच. तुम्ही बघून या."

आम्ही तिघं निघालो आणि पंधरा मिनिटांत हैराण झालो. चौदा नंबरशेजारी बावन्न, बावन्नसमोर नऊ, मग एकदम एकाहत्तर. सुताराचा फोन लागेना. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, भिंगरी मधे धावतेय आणि ओरडतेय, "इथं अठ्ठावीस आहे! चालेल का?" तिसऱ्यांदा आम्ही गाडीपाशी परतलो, तेव्हा आईंनी दार उघडलं.

"काय चाललंय तुमचं?"

"घरांना नंबर कुणी दिलेत देव जाणे," नवरा वैतागून म्हणाला. "डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं दिलेत."

"जुनं घर कुठलं आणि नवं कुठलं?"

"म्हणजे?"

"अरे, चौदा नंबरचं घर जुनाट आहे की नवं?"

भिंगरी म्हणाली, "चौदा एकदम म्हातारं आहे, आजी. एकाहत्तरला चकाचक फरशी आहे."

"मग झालं तर. बांधलं तसा नंबर पडलाय. जागेचा नंबर नाही हा, वयाचा आहे. माझ्या टपालाच्या बीटावर असल्या दोन गल्ल्या होत्या." त्या उतरल्या. घडीची काठी उघडली, भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. "अशा ठिकाणी नंबर शोधायचा नसतो. माणसं शोधायची. चल, पुढं न्हावी दिसला तर सांग."

न्हावी होता. तो वस्तरा हातात धरूनच बाहेर आला. त्यानं सांगितलं, सदतीसच्या वेळची घरं पलीकडच्या वळणावर. वळणावर पाववाली होती, तिनं सांगितलं की सुतार दोघं आहेत, तुम्हाला लाकूडवाला हवाय की भाडोत्री शोधणारा? आई म्हणाल्या, "भाडोत्री शोधणारा." पुढं सायकल दुरुस्त करणारा, त्याच्यापुढं दारात लसूण सोलत बसलेल्या दोघी. आई प्रत्येकापाशी थांबत होत्या, वाकून, मान तिरकी करून बोलत होत्या, आणि दर वेळी त्यांची पाठ थोडी थोडी ताठ होत होती. आम्ही दोघं मुकाट्यानं मागून चालत होतो. तिसऱ्या वळणावर भिंगरीचा खांदा सोडून त्यांनी काठीनंच कडेची फरशी चाचपली.

सदतीस नंबर एका चिंचोळ्या बोळात, पाण्याच्या हातपंपामागं निघालं.

घर तसं बेताचंच. तीन खोल्या, छत बुटकं, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या दोन फरशा तडकलेल्या. नवऱ्यानं छटांची पट्टी काढली, पश्चिमेच्या खिडकीत धरली आणि मान हलवली. "सगळे दात पिवळे. इथं मी कामच करू शकत नाही." त्याचं खरं होतं, मला नाही म्हणता येईना.

मी मागं गेले. परसात सामान ठेवायची एक पक्की खोली होती, तिची लांब भिंत उत्तरेला. पण भिंत आंधळी, झरोकाही नाही.

"इथं खिडकी होईल?" मी सुताराला विचारलं.

तो धिप्पाड माणूस, कानावर पेन्सिल. त्यानं भिंतीवर दोन थापट्या मारल्या. "खिडकी म्हणजे काय हो, भोक. चौकट मीच बनवीन. किती मोठं भोक हवं तेवढं सांगा."

नवऱ्यानं पेन्सिल त्याच्याच कानावरून काढून घेतली आणि भिंतीवर चौकोन आखला. चांगला ऐसपैस. सुतार म्हणाला, "एवढी मोठी? दात बनवता की जहाज?" पण आखलेलं त्यानं पुसलं नाही.

भिंगरी दारात फुगून उभी होती. "इथं तलाव नाहीच ना?"

"नाही," मी सरळ सांगितलं. "आहे तो बसनं चाळीस मिनिटांवर, नगरपालिकेचा. दर शनिवारी नेऊ. रोज नाही जमणार."

ती रडली. मी तिला रडू दिलं. सगळ्यांना सगळं मिळेल असं मी कुणालाच कबूल केलं नव्हतं.

आई पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन टेकले.

"सात जणांना विचारलं," त्या म्हणाल्या. "सातही जण थांबले. एकानं चूक सांगितलं, पण थांबला." मग काठी मिटता मिटता, "फरशी चौथ्या घरापाशी उचकटलीय. लक्षात ठेवायला हवं."

लक्षात ठेवायला हवं म्हणाल्या, तिथंच मी मनातल्या मनात सही ठोकली. तरी दुसरी खात्री बाकी होती. संध्याकाळी बरोबर सहाला मी एकटी पेढीच्या दारातून गाडी काढली. चोवीस मिनिटं लागली.

महिन्याभरात आम्ही राहायला आलो. सगळं सुरळीत झालं असं नाही. आई पहिल्या पंधरवड्यात दोनदा रस्ता चुकल्या. एकदा न्हावी घेऊन आला, एकदा शाळेतून परतणाऱ्या मुलींचा घोळका. एकदा पडल्या आणि मनगट दुखावलं. तीन दिवस घरात बसल्या, चौथ्या दिवशी डाव्या हातात काठी धरून निघाल्या. नवऱ्यानं अडवायला तोंड उघडलं होतं, मी त्याला डोळ्यांनी दाबलं. भिंगरी दोन महिने माझ्याशी तुटक वागत होती. पण शनिवारची बस तिला आवडायला लागली, कारण तिच्याबरोबर आजी जाते. नात बसचा नंबर वाचते, आजी कंडक्टरशी बोलते, दोघींचं मिळून एक माणूस पुरं होतं.

तिसऱ्या महिन्यात, भर गर्दीच्या वेळी शहराबाहेर बसचा अपघात झाला आणि पेढीतून फोन आला. मी चपला अडकवल्या आणि निघाले. बावीस मिनिटांत मी नमुने जुळवत होते. त्या दिवशी आम्ही एकोणीस पिशव्या दिल्या, एकही चुकली नाही.

परवाची गोष्ट. काम लवकर आटोपलं म्हणून मी दुपारीच घरी आले, तर दाराला कुलूप. किल्ली मी पेढीतच विसरले होते. नवरा दंतवैद्याकडे, भिंगरी शाळेत, आई कुठं असतील ते आता कुणीच सांगू शकत नाही. मी पायरीवर बसले. या गल्लीत मी पहाटे निघते आणि अंधार पडता पडता परतते, त्यामुळे त्या पहिल्या शनिवारनंतर भर उजेडात ती मी नीट पाहिलीच नव्हती. पाववाली समोरून गेली, पुन्हा मागं आली. तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"कुणाकडे आलात?"

"इथंच राहते मी."

"अगंबाई! तुम्ही टपालआजींच्या सून होय?" असं म्हणून ती शेजारच्या घरात गेली आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.