पुसलेली तक्रार

गहिनीनाथने दिंद्रुडहून जीपमध्ये घालून आणलेली तीन एचपीची पाण्याची मोटार पाशाभाईंच्या दुकानाच्या पायरीवर आदळली.

"वास घ्या," तो म्हणाला.

वाकायची गरज नव्हती. केजमध्ये एकतीस वर्षे मोटारी भरणाऱ्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणाऱ्या माणसाला जळालेली कॉइल दारातूनच कळते.

"कधी जळाली?"

"परवा. त्याच दिवशी तुमच्या दुकानाच्या पेजवर लिवलं, फोटोबी टाकला. घंट्याभरात गायब. परत लिवाया गेलो तर पेजच दिसंना. मोटार जाळली ते जाळली, पाशाभाई, माझं तोंड कशापायी बांधलं?"

पाशाभाईंनी सत्यमकडे पाहिले. दुकानांच्या जाहिराती करणारा हा अंबाजोगाईचा तरुण नवे चित्रीकरण करायला सकाळीच आला होता. मुलगी शाईस्ता हिच्या आग्रहावरून त्यांनी त्याला पेजचे काम दिले होते. दीड दिवसाचे काम अर्ध्या मिनिटात पळवून त्याने रील केली आणि वर ठळक लिहिले : एका तासात मोटार तयार. ऐंशी हजार लोकांनी ती पाहिली. स्वतःचे हात इतक्या वेगाने चालताना पाहून पाशाभाईही सुखावले होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

मग सोमवारी गहिनीनाथ हीच मोटार भरायला घेऊन आला आणि त्याने ती रील सहा गिऱ्हाइकांसमोर धरली. "हे तुमीच हायेत ना?" आपल्याच चेहऱ्याला खोटे कसे म्हणावे? नव्या कॉइलवरचे वार्निश पुरते वाळले नसताना पाशाभाईंनी चार तासांत मोटार देऊन टाकली.

"कमेंट मीच काढली, चाचा," सत्यम मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला. "असलं काही पेजवर ठेवायचं नसतं. ब्लॉक केलं की विषय संपला. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात."

पाशाभाईंच्या कानशिलावरची शीर ताठ झाली.

"माझ्या दुकानात तक्रारीची मोटार आधी टेबलावर येती. नवं गिऱ्हाईक मागून. हा माझा पहिल्या दिवसापासूनचा कायदा हाय. अन् तू तक्रारच गिळून बसलास? परत आण ती."

"पुसलेली कमेंट परत येत नसती."

"मग ज्यानं लिवली तो बोलंल. शाईस्ता, मोबाईल धर."

"अब्बा, आधी जरा पाणी प्या," शाईस्ता गल्ल्यावरून उठत म्हणाली.

"धर म्हणलं ना."

त्यांनी मोटार टेबलावर घेतली, नटबोल्ट सोडले, झाकण काढले आणि काळी पडलेली कॉइल कॅमेऱ्यासमोर आणली. "ही मोटार मी भरली. वार्निश ओलं असताना दिली, म्हणून जळाली. चूक माझी हाय. एका तासात मोटार होत न्हाई. जो होती म्हणतो तो खोटं बोलतो, अन् त्या रीलमध्ये मीच हाय."

"रोपांचं सांगा," गहिनीनाथ मध्येच म्हणाला आणि स्वतःच पुढे सरकला. "दोन दिवस पाणी न्हाई. मिरचीची सगळी रोपं माना टाकून पडलीत. हेबी दिसू द्या लोकाला."

सत्यम हसला. "हे टाका चाचा, अन् उद्यापासून माशा मारत बसा."

"मारीन. माशी जळून परत येत न्हाई."

शाईस्ताने व्हिडिओ पेजवर चढवला, जुनी रील काढून टाकली आणि गहिनीनाथचे ब्लॉक उठवले. गहिनीनाथचा पारा मात्र उतरला नाही.

"तुमच्या व्हिडिओनं रोपं उभी राहत न्हाईत. आता भरा. संध्याकाळी न्यायचीय."

"उद्या दुपारी."

"रोपं आज मरायलीत, पाशाभाई."

सोमवारी याच जागी पाशाभाई घाईला नमले होते. त्या आठवणीने ते आता सत्यमवर नव्हे, स्वतःवरच उसळले.

"न्हाई म्हणजे न्हाई. ओली मोटार या दुकानातून पुन्हा जायची न्हाई. तुमी शिव्या द्या, अजून एक व्हिडिओ काढा."

"मग पाणी कुठून देऊ? तुमच्या पेजमधून?"

पाशाभाईंनी पान्यांचा डबा उचलला आणि ते मागच्या दाराने आडाकडे गेले. आडावर त्यांच्या घराला पाणी देणारी मोटार होती. नट गंजले होते. प्रत्येक नटावर त्यांनी राग काढला. पाऊण तासाने मोटार मोकळी झाली.

"तुमची भरून वाळंपर्यंत ही चालवा," ते गहिनीनाथला म्हणाले. मग दारात उभ्या असलेल्या सत्यमकडे वळले. "ते दुसरं टोक धर. जीपपर्यंत न्यायचीय."

"चाचा, माझे कपडे—"

"धर."

सत्यमने मोबाईल खिशात ठेवला आणि वाकला.