शेवटच्या पायरीवरचा नियम

मैंदर्गीहून दोन कोसांवरच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझी जीभ फार तिखट होती. मी करमाळ्याकडची, कानडीचा गंध नव्हता. निम्मं गाव मला काय म्हणतं ते कळायचं नाही, म्हणून पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षी कानडी कळायला लागली आणि भांडणं सुरू झाली.

शाळेच्या पटावर अडतीस मुलं होती. दिवाळीनंतर सगळी यायची, पाढे म्हणून माझं डोकं उठवायची. पण चैत्र लागला की वर्ग ओस पडायचा. ते नारूचे दिवस. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा, फुटायचा आणि आतून पांढरा दोरा डोकावायचा. हातभर लांब किडा तो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून पोर महिना महिना अंथरुणात. वार्षिक परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत. चांगली हुशार मुलं एकाच वर्गात तीन तीन वर्षं बसलेली बघून माझा नुसता संताप व्हायचा, आणि तो काढायचा कुणावर तेही कळायचं नाही.

गावाला प्यायच्या पाण्याची विहीर एकच, पायऱ्यांची. तिच्यावर राज्य काशम्माचं. साठीची बाई, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज वेशीपर्यंत जाणारा. शेवटच्या पायरीवर पाय धुतल्याशिवाय कुणी घागर बुडवायची नाही, हा तिचा नियम. "धुळीच्या पायानं गंगेला शिवतीस व्हय गं?" असं ती ओरडली की पाटलाची सूनसुद्धा मुकाट पाय धुवायची. चाळीस वर्षं तिनं ती विहीर अशी राखली होती. मला ती आवडायची. मला आधी 'बाई' म्हणायची आणि लगेच 'तू' म्हणायची.

तिची नात जगदेवी तिसरीत असताना तिच्या गुडघ्यात नारू झाला, आतच तुटला आणि गुडघा वाकला तो वाकलाच. त्याला तीन वर्षं झाली होती. पोर घरीच असायची.

चौऱ्याहत्तर साली माघात आरोग्य केंद्राचे धोंडीराम सायकल दामटत आले. शाळेत गाव गोळा केलं. त्यांनी सोपं करून सांगितलं. नारू झालेला पाय पाण्यात गेला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते पाणी माणूस पितो आणि वर्षभरानं त्याच्या पायातून नारू बाहेर येतो.

"म्हणून कुणाचाच पाय पाण्याला लागू देऊ नका," ते म्हणाले. "पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाटानं पाणी ओढा. तोवर दुहेरी फडक्यानं गाळून प्या."

सरपंच गुरुबसप्पांनी पागोटं सारखं केलं. "काशम्मा काय म्हनती ते बघू की."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. काशम्मा ताठ बसली होती. "आमच्या हिरीचं पानी सोच्छ हाय. हितं पाय धुतल्याबिगर कोन घागर बुडवत न्हाय."

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "तेच तर चुकतंय, काशम्मा! तुम्ही जे पाय धुवायला लावता त्यांतूनच नारू पाण्यात उतरतो. तुमच्या नियमानंच पोरं आजारी पडतात."

जगदेवी भिंतीला टेकून बसली होती, वाकलेला पाय पुढे घेऊन. काशम्मानं तिच्याकडे बघितलं, पदर सावरला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. दूध घालणारी अक्कम्मा दारावरून तोंड फिरवून गेली. खरं तेच बोलले होते मी, पण आपण फार वाईट वागलो हे मला चांगलंच कळत होतं आणि त्यानं मला आणखी राग येत होता.

चौथ्या दिवशी दुपारी काशम्मा शाळेत आली. हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या होता.

"दाव मला," ती म्हणाली. "पान्यात काय हाय ते."

मी काचेच्या ग्लासात पाणी ओतलं आणि उन्हात धरलं. डोळे बारीक करून ती कितीतरी वेळ बघत राहिली. पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. मग मी तेच पाणी लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळून दुसऱ्या ग्लासात घेतलं. त्यात काहीच हलेना.

"ज्याला नारू व्हायचा त्याला मी पान्यात पाय सोडून बसवायची," ती हळूच म्हणाली. "आग हुती, जरा थंड वाटंल म्हनून. आमच्या जगदेवीलाबी बसवलं हुतं." मग तिनं विचारलं, "आनि तू चुकली असशील तर?"

"वर्षभरानं कळेल."

"बरं. मग बुजवा पायऱ्या."

तिनं हो म्हटल्यावर गावाला काही अडचण उरली नाही. गुरुबसप्पांनी दगडाला बैलगाड्या दिल्या. ईरप्पा गवंड्यानं आठ दिवस हातातली कामं सोडून कठडा बांधला. बायकांनी पाट्या वाहिल्या, पोरांनी शाळा सुटल्यावर वाळू चाळली, आणि बांधताना सगळे एकमेकांच्या कामाला इतकी नावं ठेवत होते की मला खात्री पटली, आता हे काम पुरं होणार. शेवटच्या पायरीवरचा पहिला दगड काशम्मानं स्वतः ठेवला. घरोघरी पाणी गाळायची फडकी मुलांनीच बेतून दिली, आणि गाळलं नाही तर घरात आईला दटावायलाही तीच पुढे.

आणि तरी त्या चैत्रात नारू आलाच. सतरा मुलं पडली. हा आदल्या वर्षीच्या पाण्याचा नारू आहे, असं मी ओरडून ओरडून सांगत होते. पण लोक कुजबुजायला लागले, की चांगल्या पायऱ्या फुकट गेल्या. रहाटापाशी उभ्या असलेल्या काशम्माच्या चेहऱ्यावर मला त्या दिवसांत सुटकेचा भाव दिसला. नारू येतोच आहे, म्हणजे दोष तिचा नव्हता. पण लगेच तिची तिलाच लाज वाटली असावी. कुणी कठडा पाडायची गोष्ट काढली की तीच पहिली खेकसायची, "वर्स लागतंय म्हनलंय न्हवं? मग गप बसा की!"

वर्ष सरलं. पुढच्या चैत्रात एका सकाळी ती शाळेत आली आणि सगळ्या मुलांना पाय पसरून रांगेत बसायला लावलं. अडतीसच्या अडतीस हजर होती. ती एकेक पाय हातात घ्यायची, घोटा दाबायची, पोटरी चाचपायची आणि कानडीत मोजत पुढे सरकायची. "ओंदु, येरडु, मूरु..." शिवपुत्रची टाच सुजलेली होती. काशम्मानं नखानं उकरून बाभळीचा काटा बाहेर काढला.

शेवटचं पोर झालं. "एकालाबी न्हाय," ती म्हणाली.

मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. पोरंही ओरडली. काशम्मा मात्र जमिनीवरच बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"म्हंजे तू खरं बोललीस, बाई. माझ्यामुळंच हुतं."

वर्षभर मी या दिवसाची वाट बघत होते. तो तिच्यासाठी काय घेऊन येणार आहे याचा मी एकदाही विचार केला नव्हता. माझी तिखट जीभ त्या वेळी पार लुळी पडली. "तुम्ही पाणी चांगलं राहावं म्हणूनच केलंत," एवढंच कसंबसं म्हणाले. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. उठून ती बाहेर गेली.

थोड्या वेळानं परतली ती जगदेवीला हाताला धरून. सगळ्या वर्गासमोर नातीला उभं केलं.

"जगदेवी, तुजा पाय माझ्यामुळं गेला. मला ठावं नव्हतं, पन केलं मीच. आता तू शाळा शिक."

जगदेवीनं तिसरीच्या रांगेकडे बघितलं. सगळी तिच्या खांद्याखालची पोरं.

"अज्जी, ही समदी बारकी हायेत. मला लाज वाटती," ती म्हणाली. "तू बसतीस का माझ्याजवळ?"

काशम्मा गुडघे धरून तिसरीच्या रांगेत खाली बसली. जगदेवी तिला टेकून बसली. मी पटावर नाव लिहिलं आणि हजेरी घ्यायला लागले. जगदेवीचं नाव आलं तेव्हा दोघीही एकदमच म्हणाल्या, "हजर."