गौरीपुढची वाटी

सून कधी भांडत नाही, ही मालुबाईंची जुनी तक्रार होती. उकडलेल्या कैऱ्यांचा गर पिळता पिळता आजही त्यांनी ती काढलीच.

"काय बी म्हटलं की 'व्हय आत्ती'. अगं, घरात माणसं हाईत का खांब? मी माझ्या सासूला दिवसाआड उत्तर द्यायचो. तवा कुठं घर घरासारखं वाटायचं."

"व्हय आत्ती," प्रियदर्शनी म्हणाली आणि वेलदोडे कुटत राहिली. तिच्या शाळेला कालच सुट्टी लागली होती.

शहापूरच्या त्या गल्लीत चैत्रातलं हळदीकुंकू घरोघर होई, पण पन्हं म्हणजे मालुबाईंचंच. गूळ कडोलीचा, माहेरचा. माठात रात्रभर वाळ्याची जुडी बुडवून ठेवायची आणि त्याच गार पाण्यात गर कालवायचा. मालुबाईंनी अंदाजानं मूठभर मीठ सोडलं. तेवढ्यात शेजारची मंगल दारातून ओरडली, "आक्का, सतरंज्या किती आणू?" मालुबाई उठून सांगून आल्या, पदराला हात पुसले आणि मिठाची बरणी पुन्हा पुढं ओढली.

प्रियदर्शनीचा बत्ता क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. गौरीला दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, आणि दाखवल्यावर डॉक्टर आडवा यायचा. रक्तात साखर निघाल्यापासून, तीन वर्षं झाली, मालुबाईंना गूळ बंद होता.

नैवेद्याची वाटी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं भरली, झोपाळ्यातल्या गौरीपुढं ठेवली आणि सोप्यात जाऊन ऐसपैस बसल्या. पेले भरायचं काम सुनेचं.

बायका आल्या. आंबेडाळ वाटली गेली, पेल्यांत बर्फ किणकिणला. मंगलनं पेला ओठाला लावायच्या आधी प्रियदर्शनीकडं बघितलं. प्रियदर्शनीनं हलकेच मान हलवली. मगच मंगल प्याली.

"आक्का, हात कुणाचा! अजून अर्धा द्या."

"हिला बी शिकवायला गेलतो," मालुबाईंनी सुनेकडं हनुवटी उडवली. "बीएड झाली, पर पन्हं काय जमलं न्हाय बिचारीला."

बायका हसल्या. जरा जास्तच हसल्या. प्रियदर्शनीही हसली.

दिवेलागणीला घर रिकामं झालं. मालुबाईंनी गौरीपुढची वाटी उचलली. प्रसाद टाकवेना, घोटभरानं काय होतंय म्हणून त्यांनी ती तोंडाला लावली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. जीभ आक्रसली. मीठ, नुसतं मीठ.

सोप्यातले पेले त्यांनी एकेक वाकून बघितले. सगळे तळापर्यंत रिकामे.

स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागं त्यांचं पातेलं होतं, ताटानं झाकलेलं. नैवेद्याची वाटी तेवढी कमी, बाकी काठोकाठ. ओट्यावर सुनेचं पातेलं, त्यात तळाला थोडं पन्हं आणि बर्फाचे विरघळते खडे.

प्रियदर्शनी पेले घेऊन आली ती दारातच थबकली.

"किती वर्सं?"

"आत्ती…"

"इचारलं ते सांग."

"तीन. तुम्हाला वाईट वाटलं असतं. एवढ्या हौसेनं करता, म्हणून पहिल्या वर्षानंतर मी पहाटेच दुसरं करून…"

"मंगलला ठावं हाय?"

प्रियदर्शनीनं पेले खाली ठेवले, एकात एक घालत. "पहिल्या वर्षी त्यांनीच मला आत बोलावून सांगितलं. आता सगळ्यांनाच माहीत आहे."

भिंतीपलीकडं माग खटखटत होता. मालुबाईंनी सुनेच्या पातेल्यातलं उरलेलं पन्हं एका पेल्यात ओतलं. प्रियदर्शनीचा हात पुढं आला, "आत्ती, गूळ आहे त्यात." मालुबाईंनी तो हात बाजूला सारला, पेला संपवला आणि ओट्यावर पालथा घातला.

"झकास झालंय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "खारट झालंय म्हणाली असतीस, तर मी तुला भांडलो असतो. दोन दिस जेवलो नसतो. तिसऱ्या दिशी गप तुझ्याकडनं मीठ घालून घेतलं असतं. गल्ली हसली त्याचं न्हाय गं वाईट वाटत. भांडायच्या लायकीची बी धरली न्हाईस तू मला."