चंद्रीच्या बदल्यात आलेली मोटार

मित्रांनो, वराळ्याला अंबूबाईंच्या गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस यांच्या शेजारी एक हिरवी मोटार उभी असते. ती मी. माझं वय पंचवीसच्या पुढे गेलं आहे. माणसाचं हे वय लग्नाचं, मोटारीचं मात्र काठी टेकायचं. आणि गोठ्यात मोटार बघून हसू नका बरं. ही जागा मला कुणी फुकट दिलेली नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका कारखान्यात मला शर्यतीसाठी घडवलं. लांबलचक नाक, त्यावर कातडी पट्टा, दोघांपुरतीच जागा, मागे सामानाची डिकी आणि डोक्यावर छप्पर म्हणून नाही. आगबोटीच्या पोटात बसून मी मुंबईला आले. एका बॅरिस्टरसाहेबांनी मला घेतलं. तेव्हा ते तरुण होते, मीही तरुण होते. दोन शर्यती आम्ही जिंकल्या. लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, पोरं माझ्या दिव्यांत आपलं तोंड बघायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे साहेबांनी वकिली सोडली आणि ते लोणावळ्याच्या बंगल्यात कायमचे राहायला आले. गुडघे दुखू लागले, घरात नातू आला. मग बंद काचांची मोठी मोटार आली आणि मी तबेल्यात गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. पाच वर्षं मी तशीच उभी होते. टायर बसले, पितळ काळं पडलं, एका कोंबडीनं माझ्या गादीवर अंडी घातली. बंगल्याचा माळी कोंडू तेवढा अधूनमधून ताडपत्री उचलून फडकं फिरवायचा आणि म्हणायचा, "पडून पडून मरशील गं." खरं तेच होतं. मोटार चालून झिजते ती वेगळी आणि उभी राहून गंजते ती वेगळी. दुसरं जास्त दुखतं.

अडतीस सालच्या वैशाखात सोपान तबेल्याच्या दारात उभा राहिला. वराळ्याचा शेतकरी गडी, वय तिशीच्या आत. चार घरांचं दूध गोळा करून तो लोणावळ्याच्या बंगल्यांना पोचवायचा. बैलगाडीनं तळेगाव, तिथून आगगाडी. पण लोणावळ्यात किटल्या उतरेपर्यंत बंगल्यांचा चहा होऊन गेलेला असायचा, आणि उन्हाळ्यात तर निम्मं दूध नासायचं. घरोघरच्या बायका म्हणू लागल्या होत्या, की आता दूध आटवून खवाच करावा. सोपानला रोज पहाटे निघून बावीस मैल जाणारं काहीतरी हवं होतं. नवी मोटार त्याच्या आवाक्यातली नव्हती. मी होते.

बॅरिस्टरसाहेबांना पैसे नको होते. नातवासाठी त्यांना घरची चांगली म्हैस हवी होती. आणि सोपानच्या घरी चंद्री होती. दोन्ही वेळेला किटली भरून दूध देणारी, नुकतीच व्यालेली. चंद्रीला अंबूबाईंनी, म्हणजे सोपानच्या आईनं, पारडू असल्यापासून वाढवलं होतं.

साहेब म्हणाले, "सोपान, घाईनं ठरवू नकोस. भादव्यातल्या पोळ्यापर्यंत रोज चालवून बघ. पटली तर गाडी तुझी. नाही पटली तर गाडी इथं आणून सोड आणि म्हैस घेऊन जा."

सोपाननं घरी येऊन आईला सांगितलं, "आये, पोळ्याला तू म्हनशील तसं करू. म्हैस तुजी हाय, शब्द तुजा."

दुसऱ्या दिवशी चंद्री तिच्या रेडीला घेऊन लोणावळ्याला गेली आणि तिच्या रिकाम्या दाव्यापाशी मी येऊन उभी राहिले. शेजारचा हौशीराम बघायला आला. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सोपाना, दूध देनारी दिलीस आन् पिनारी आनलीस व्हय?" सगळे हसले. अंबूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चंद्रीचं दावं खुंटीवरून काढलं आणि घरात नेऊन ठेवलं. मित्रांनो, कुणाच्या जागेवर येऊन उभं राहणं फार जड जातं.

माझं भवितव्य त्या बाईच्या एका शब्दावर आलं होतं. नको म्हणाली की पुन्हा ताडपत्री.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून घोटाळा केला. सोपानला वेगाची हौस आणि मला जुनी सवय. कार्ल्याच्या सपाट रस्त्यावर आम्ही असे सुटलो, की विचारू नका. लोणावळ्यात किटलीचं झाकण उघडलं, तर वर लोण्याचे गोळे. बंगल्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही दूध मागितलं होतं." दुसऱ्या दिवसापासून डिकीत भाताचा पेंढा दाबून भरला, किटल्या त्यात बसवल्या आणि आम्ही बेताबेतानं जाऊ लागलो. शर्यतीच्या मोटारीनं सायकलवाल्याला पुढे जाऊ द्यायचं म्हणजे काय असतं, ते माझं मलाच माहीत. पण दूध जसंच्या तसं पोचलं, साडेसहाच्या आत पोचलं, आणि आरोग्यभुवनातल्या एका आजारी मुलीनं ते गरम करून लगेच प्यायलं. ते मी दारातून पाहिलं. शर्यत जिंकल्यावर मला असं कधी वाटलं नव्हतं.

सोपान माझी काळजी घ्यायला शिकला. रोज पहाटे तो माझ्या नाकाशी असलेल्या रेडिएटरचं झाकण काढून पाणी भरायचा. इंजिन तापतं, हे पाणी त्याला थंड ठेवतं. लोणावळ्याचे बजरंग मिस्त्री त्याला म्हणाले होते, "पाण्यावर डोळा ठेव. त्यात कधी तांबूस चिकट काही दिसलं, तर तेल पाण्यात उतरलं समज. मग इंजिन गेलं. त्यावर माझ्याकडं औषध नाही." सोपाननं हे मनात पक्कं धरलं होतं.

आषाढ-श्रावणात मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. रस्त्यात गुडघाभर खड्डे, माझं पोट जमिनीला घासायचं. कधी मला सुरू करायला हँडल मारमारून सोपानचा खांदा भरून यायचा. पण एकही दिवस आम्ही चुकलो नाही. एका सकाळी मी पाहिलं, तर माझ्या गादीवर घोंगडी टाकलेली होती. सोपाननं टाकली नव्हती. अंबूबाई पलीकडे शेण काढत होत्या आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हत्या.

बघता बघता पोळ्याचा आदला दिवस आला. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, कढत पाण्यानं शेकतात. सोपान इंदुरीला दुधाचं सांगायला गेला होता. अंबूबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, त्यांना घमेल्यातून गूळपाणी पाजलं. मग हातातली हळद तशीच ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या.

"उद्या तुला पोचवनार हाय म्या," त्या म्हणाल्या. "माजी चंद्री घरी येनार. तुज्यावर माजा राग न्हाई. पावसापान्याची लय राबलीस. राबनाऱ्याला उपाशी धाडत न्हाईत आमी."

त्यांनी माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला हळद-लोणी चोळलं. जू कुठं बसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंना सारखं चोळलं. मग सोपान रोज जिथं पाणी ओततो, ते झाकण काढलं आणि दिवसभरात आटलेल्या पाण्यावर उरलेलं घमेलंभर गूळपाणी माझ्या तोंडात ओतलं. काठोकाठ. वरून फडक्यानं माझं नाकही पुसलं. मी एक यंत्र. मला काय कळणार होतं की हे विष आहे? आणि कळलं असतं, तरी मी तोंड मिटलं असतं असं मला वाटत नाही. इतक्या मायेनं मला आजवर कुणीच काही पाजलं नव्हतं.

पोळ्याच्या पहाटे सोपाननं अंधारात माझं झाकण उघडलं, तर पाणी काठोकाठ, म्हणून त्यानं ते तसंच लावलं. अंबूबाई नवं लुगडं नेसून माझ्यात बसल्या. पदराखाली चंद्रीचं दावं होतं. सोपाननं ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं हँडल मारलं. शब्द दिलेला होता.

वडगाव मागे पडलं. कामशेतच्या खिंडीचा चढ लागला आणि माझा जीव गुदमरू लागला. नाकातून वाफ, मग फसफस, मग झाकण उडालं आणि तांबूस चिकट रस माझ्या नाकावरून ओघळू लागला. सोपाननं तो बघितला आणि उडी मारून खाली उतरला.

"गेलं, आये. तेल पान्यात उतरलं. इंजिन गेलं हिचं."

"बैल जोडून न्यावं का वडून?" अंबूबाईंनी विचारलं.

"आज पोळा हाय. आज कोन जू ठेवील बैलाच्या मानंवर? आन् नेऊन तरी काय? साहेबास्नी म्हनावं लागंल, की मेलेली मोटार परत घ्या. त्यात दूध बी जाईल. लोकास्नी काय तोंड दावू?"

मित्रांनो, त्या वेळी खिंडीत वाराही पडला होता. अंबूबाई माझ्याजवळ आल्या. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिल्या असत्या, तर चूक झाकली गेली असती, मी तबेल्यात आणि चंद्री घरी. त्यासाठीच तर त्या निघाल्या होत्या. त्यांनी ओघळलेल्या रसाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"सोपाना, ह्ये तेल न्हाई. गूळपानी हाय. म्याच पाजलं काल. बैलास्नी पाजलं तसं."

सोपाननंही बोट लावलं, चाटलं. रागवावं की हसावं, हे त्याला कळेना. "आये, अगं, चिकटून बसलं असंल समदं आतमंदी. कढत पान्यानं धुतली तर वाचंल."

अंबूबाई नवं लुगडं वर खोचून चढावरच्या वाडीकडे चालू लागल्या. तिथं भागूबाई नावाच्या बाईच्या चुलीवर हंडा तापत होता. अंबूबाईंनी काही लपवलं नाही. "माज्या हातून चूक झालीया, मोटारीचा घसा धुवायचा हाय," असं सरळ सांगितलं. भागूबाईनं हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि शेजारणीलाही हाक मारली. तीन हंडे पाणी माझ्या अंगातून गेलं. पहिलं काकवीसारखं निघालं, दुसरं चहासारखं, तिसरं नितळ. मग थंड होईपर्यंत सगळे थांबले. सोपाननं साधं पाणी भरलं आणि हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी खोकले आणि बोलू लागले. भागूबाईनं कपाळावर हात मारून घेतला, पण हसत.

लोणावळ्याला पोचायला आठ वाजले. चहाची वेळ टळली होती, दूध मात्र नासलं नव्हतं. बॅरिस्टरसाहेब काठी घेऊन फाटकातच उभे होते. "आज पोळा. बोला अंबूबाई, काय ठरलं?"

अंबूबाई आधी गोठ्यात गेल्या. चंद्री अंगानं भरली होती, तुकतुकीत झाली होती. तिनं अंबूबाईंचा हात ओळखला आणि चाटत राहिली. साहेबांचा नातू तिच्या पायाशी गवत घेऊन उभा होता. अंबूबाई बराच वेळ तिच्या मानेवर हात फिरवत होत्या. डोळे पदरानं टिपून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हैस तुमच्याकडं सुखात हाय. मोटार ऱ्हाऊ द्या आमाला. चूक माजी, आन् अंधारात हिला कोंडू? असं न्हाई व्हायचं माज्याच्यानं."

त्यांनी पदराखालचं दावं काढून कोंडूच्या हातात दिलं. साहेबांनी त्या दाव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोंडू, चंद्री आता रेडीशिवाय, नुसत्या आंबोणावर दूध देते ना? मग रेडी यांच्या घरी जाऊ दे. दावं तिलाच बांध."

तर मित्रांनो, शर्यती जिंकलेली ही विलायती मोटार त्या दिवशी डिकीत म्हशीची रेडी घेऊन वराळ्यात शिरली. रेडीनं मान बाहेर काढली होती आणि वाटेतल्या सजलेल्या बैलांकडे ती टकाटका बघत होती. हौशीराम वेशीवर उभा होता. त्यानं आधी माझ्याकडे, मग रेडीकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. संध्याकाळी बैलांच्या पाठोपाठ मलाही ओवाळलं. पुरणपोळी मात्र माझ्यासमोर नुसती धरली आणि मग सोपाननं खाल्ली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळू लागलं, तेव्हा मी आठवड्यातून दोनदाच निघायचे, पण मला कुणी ताडपत्रीखाली टाकलं नाही. ती रेडी म्हणजेच आज माझ्या शेजारी रवंथ करणारी म्हैस.

तुमच्याही घरी राबणारं कुणी असेल. एखादा बैल, एखादं शिवणयंत्र, एखादं म्हातारं माणूस. त्यांना जीव लावा. पण त्यांना काय सोसतं, ते आधी विचारून घ्या. अंबूबाई आता थकल्या आहेत, तरी रोज पहाटे माझं पाणी स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून त्या गाळून देतात. ओतण्याआधी झाकणावर हात ठेवून मला विचारतात, "साधं पानी हाय गं. चालंल न्हवं?" मला बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या क्षणभर थांबतात, आणि मगच ओततात.