विल्यम जॉन पर्किसची मुलं

आमच्या जर्मनीतल्या, रेगेन्सबर्गच्या घरमालकीणबाई, फ्राऊ विमर, यांना वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्यांच्या इंग्रज आजोबांनी त्यांच्या आईला जिवंतांत धरलं होतं की मेलेल्यांत?

आई म्हणजे एमिली. नॉरफोकमधल्या विल्यम जॉन पर्किस नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. १९०९ साली एका जर्मन घड्याळजीशी लग्न करून ती इकडे आली. निघताना बाप म्हणाला, "माझ्यापुरती तू मेलीस." तिनं पत्रं लिहिली, उत्तर नाही. ती बाई जन्मभर ते एकच वाक्य उगाळत राहिली आणि लेकीलाही तेच वारशात देऊन गेली.

२००९च्या जानेवारीत इंग्लंडची १९११ची जनगणना इंटरनेटवर खुली झाली. कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेले फॉर्म त्यात जसेच्या तसे बघायला मिळतात. त्यात तीन रकाने होते: या लग्नातून मुलं किती झाली, जिवंत किती, गेली किती. फ्राऊ विमरनी हे पेपरात वाचलं आणि तडक आमच्या दारात उभ्या राहिल्या. "हेर हरीश, मला इंग्रजी येत नाही. तुम्ही बघाल?"

बघीन म्हणजे काय! मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हा शेतकरी एका शनिवारी शोधून काढेन असं वाटलं होतं. तीन महिने लागले.

नॉरफोकच्या रेकॉर्ड ऑफिसातून गावच्या चर्चच्या नोंदवहीच्या झेरॉक्स मागवल्या. गावात विल्यम पर्किस निघाले दोन, एकमेकांचे चुलतभाऊ, दोघेही शेतकरी. दोघांनाही एमिली नावाची मुलगी, कारण दोघांची आजी एमिली. पाद्रीबुवांनी दोघांना नुसतंच विल्यम लिहून मोकळं केलेलं. पण एकाच्या बापाचं नाव जॉन, दुसऱ्याच्या बापाचं सॅम्युएल. मग प्रश्न राहिलाच कुठे? विल्यम जॉन पर्किस म्हणजे जॉनचा मुलगा विल्यम. मी हरीश आत्माराम, माझे वडील आत्माराम. सरळ हिशेब.

त्या घरच्या एमिलीचा जन्म १८८५चा, फ्राऊ विमर सांगत होत्या १८८७. ते मी मनावरच घेतलं नाही. आमच्या आजोबांना मास्तरांनी शाळेत घालताना एक जून ठोकून दिला होता, दोन वर्षांचं काय घेऊन बसलात! फॉर्मवर सही नुसती 'विल्यम पर्किस' होती. त्याचंही काही वाटलं नाही. आपण नाही का, बँकेत तीन नावं लिहितो आणि एरवी दोन?

त्या फॉर्मवर लिहिलं होतं: मुलं झाली सहा, जिवंत पाच, गेलं एक. खाली पाच जणांची नावं. एमिली नाही. म्हणजे गेलेलं ते एक, तीच.

रविवारी कॉफी घेताना मी फ्राऊ विमरना ते सांगितलं. शांतपणे, कामाच्या मीटिंगमध्ये सांगतात तसं. त्यांनी कपाची कड दोनदा पुसली. "गेनाऊ, अगदी तसंच," म्हणाल्या. "आई खरंच सांगत होती." पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

एप्रिलमध्ये पोस्टवाले फ्राऊ विमरचं एक पार्सल आमच्याकडे ठेवून गेले. अपूर्वा, माझी बायको, लेबल वाचत होती. "रोझा मारिया विमर. अय्या, मारिया किती गोड नाव आहे."

"वडिलांचं नाव मारिया कसं असेल?" मी म्हणालो.

अपूर्वा माझ्याकडे बघतच राहिली. "अरे शहाण्या, इथे मधलं नाव वडिलांचं असतं का? तीन वर्षं इथे राहतोयस ना तू?"

म्हणजे विल्यम जॉनमधला जॉन हा त्याचा बाप असायची गरजच नव्हती. एका म्हातारीला मी तिचा आजोबा म्हणून भलताच माणूस दाखवला होता. इतकी लाज मला कारखान्यात कधी वाटली नव्हती. मी जेवण तसंच टाकून कॉम्प्युटरवर बसलो.

सॅम्युएलच्या मुलाचा फॉर्म दहा मिनिटांत सापडला. खाली पूर्ण सही: विल्यम जॉन पर्किस. मुलं झाली पाच, जिवंत चार, गेलं एक. नोंदवहीत त्याचा तीन महिन्यांचा मुलगा १८९० साली पुरल्याची नोंद होतीच. म्हणजे गेलेला तो. घरात मुलं तीन. चौथं नाव त्यानं यादीच्या शेवटी लिहिलं होतं आणि त्यावर लाल शाईनं रेघ मारलेली होती.

नियम असा होता की त्या रात्री घरात असतील त्यांचीच नावं लिहायची. त्यानं नियम वाचला नसेल, नाहीतर वाचूनही लिहिलं असेल. मला ठाऊक नाही, आणि उगाच बनवून सांगणार नाही.

प्रिंट घेऊन मी खाली गेलो. आधी माफी मागितली. मधल्या नावाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. मग मी कागद पुढे ठेवला. लाल रेघ दिसताच त्यांनी तो बाजूला सारला.

"आईला खोडलंय."

"फ्राऊ विमर, लाल शाई सरकारी माणसाची आहे. फॉर्म तपासणाऱ्याची. काळी शाई तुमच्या आजोबांची."

"काळ्या शाईनं काय लिहिलंय?"

मी बोट ठेवून एकेक शब्द जर्मनमध्ये वाचला. "एमिली. मुलगी. वय चोवीस. जर्मनीत असते."

त्यांनी चष्मा काढला आणि मोठ्यानं रडल्या, लहान मुलासारख्या.  मग त्या म्हणाल्या, "आई एकसष्ट साली गेली, हेर हरीश. मेलेलीच मुलगी म्हणून गेली."